मुलुंडमध्ये जागाच उरली नाही, मग नवे टॉवर कशाच्या जोरावर उठतात? रस्ते-पाण्याचं नियोजन कोण करतं?

उत्तर: जोर एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं, त्या प्रमाणाचा. मुंबईच्या विकास आराखडा २०३४ च्या नियमावलीत उपनगरात मूळ एफएसआय १. प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेले बांधकाम हक्क) धरून रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तो वाढतो, २७ मीटर किंवा जास्त रुंद रस्त्यावर २.५ पर्यंत. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा बांधकाम क्षेत्र, वेगळं. म्हणून जुनी चार मजली सोसायटी पाडून टॉवर होतो.

रस्ते-पाण्याचं नियोजन मुख्यतः पालिकेचंच. पण नकाशे प्लॉटगणिक मंजूर होतात आणि जलवाहिन्या, मलवाहिन्या तर सगळ्या गल्लीच्या असतात. खरी मेख तिथेच. तुमच्या गल्लीत रस्तारुंदीची रेषा (रस्ता पुढे कुठपर्यंत रुंद होणार ते दाखवणारी) आहे का, ते आराखड्याच्या नकाशात आधी बघा.