बॅं-मारी म्हणजे नक्की काय? हा शब्द आला कुठून?

गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, थेट आच न लागू देता पदार्थ शिजवणं किंवा वितळवणं म्हणजे बॅं-मारी. शब्द फ्रेंच, शब्दशः ‘मारीचं स्नान’. मूळ मध्ययुगीन लॅटिन ‘बाल्नेउम मारिए’. ही मारी म्हणजे मारिया, प्राचीन काळातली किमयागार, झोसिमोस या दुसऱ्या प्राचीन किमयागाराच्या लिखाणातून माहीत झालेली. पद्धत तिनेच शोधली हा मात्र परंपरेचा समज, पक्का पुरावा नाही.

पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, त्यामुळे ओव्हनमध्येही कस्टर्डच्या कडा करपत नाहीत. कस्टर्डच्या वाट्या ठेवलेल्या ट्रेमध्ये गरम पाणी वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत ओता, ट्रेच्या तळाशी आधी फडकं अंथरा. पाणी खळखळलं की कस्टर्ड फाटून जाळी पडलीच! चॉकलेट वितळवताना वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. आणि पाण्याचा एक थेंब जरी आत पडला तरी ते दाणेदार होऊन आळतं.