धीराची बाई

राजारामपुरीतल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: आमच्या गल्लीतल्या काकूंचा सत्कार ठरलाय. नवरा नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेला. काकू पहाटे चारला उठून भाकऱ्या थापतात, डबे देतात. त्यावरच दोन्ही मुली शिकवल्या. सावकार दारात आला तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्याला म्हणाल्या, ‘पैसं देतो, पर घर लिहून देणार न्हाई.’ मानपत्रात मंडळाच्या पोरांनी त्यांना ‘शूर रणरागिणी’ म्हटलं. मसुदा वाचून दाखवला तर काकू म्हणाल्या, ‘हे माझं न्हवं.’ मग त्यांना म्हणायचं तरी काय? रोजच्या जगण्यातल्या अशा गुणाला मराठीत शब्द आहे का?

आहे, आणि काकूंच्या तोंडी तो रोज असणार. धीर.

काकूंना ‘शूर रणरागिणी’ आपलं वाटलं नाही, यात नवल नाही. कोल्हापुरात रणरागिणी म्हटलं की कावळा नाक्यावरचा ताराराणींचा घोड्यावरचा पुतळाच डोळ्यांपुढे येतो. शौर्य ‘गाजवतात’. ते गाजायला रण लागतं, बघणारे लागतात. पहाटे चारला परातीपुढे कोण बघायला असतं?

‘साहसी’ तर मुळीच लिहू नका. संस्कृतात सहस् म्हणजे बळ, जोर, त्यावरून साहस. धर्मशास्त्रात साहस हा चक्क गुन्हा होता: बळजोरीनं, उघडउघड केलेला. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव. मनुस्मृतीत प्रथम साहस २५० पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. पुढे शब्दाचा डाग धुतला गेला, तरी ‘अविचारी साहस’, ‘दुःसाहस’ यांत त्याची खूण राहिली आहे. ‘धाडस’ मराठीत जास्त घरचं, पण ते एका वेळेचं असतं. धाडस केलं, झालं. सावकाराला उंबऱ्यातून परतवणं हे धाडसच होतं, पण मागची नऊ वर्षं त्या शब्दात मावत नाहीत. हिंमत अरबीतून फारसीमार्गे आली, मराठीत रुळली. आपल्या कोल्हापूर संस्थानात तर चव्हाण सरदारांचा ‘हिंमतबहादूर’ हा किताबच होता. चांगला शब्द आहे, पण त्यात थोडी समोरच्याला आव्हान दिल्याची धार आहे.

आता धीर. संस्कृतात हे विशेषण आहे: धीर म्हणजे स्थिर, आणि धी म्हणजे बुद्धी, तिच्याशी जोडलेला दुसरा अर्थ शहाणा. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गाच्या शेवटी कालिदासानं धीर कोण ते सांगून टाकलंय: मन ढळावं असं कारण समोर असतानाही ज्यांचं मन ढळत नाही, तेच धीर. कारण समोर असताना, हे महत्त्वाचं. (धीटाला यात ओढू नका. तो ‘धृष्ट’वरून आला, त्याचं कूळ वेगळं.)

मराठीनं या विशेषणाचं नाम केलं, आणि त्याला क्रियापदं काय दिली ती बघा. धीर धरतात, देतात. धीर येतो, सुटतो, खचतो, चेपतो. ‘मला धीर आला’, ‘सांगायचा धीर होईना’. जशी मला भूक लागते, झोप येते, तसा मला धीर येतो. तिथं ‘मी’ कर्ता नाही. शूर माणूस स्वतः शूर असतो. धीर मात्र कुठून तरी येतो, बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाकडून. शौर्य कुणी कुणाला देत नाही. धीर देता येतो. मला या शब्दाचं सगळ्यात मोल वाटतं ते इथं.

जुलै २०२१च्या पुरात आम्ही शुक्रवार पेठेत होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५च्या वर गेलं. लाईट गेलेली. वाड्याच्या दगडी जिन्यावर शेजारच्या मावशी कंदील घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासानं वाकून पाण्याला टेकलेल्या दगडावर खडूनं रेघ मारायच्या आणि वर हाक द्यायच्या, ‘अजून पाच पायऱ्या हाईत. झोपा तुम्ही, मी बघतो.’ (आमच्याकडे बायका ‘बघतो’, ‘येतो’च म्हणतात.) आणखी एक पायरी बुडाली तेव्हा कंदिलाची काच हातात थरथरत होती, ते मी पाहिलं. आवाज तोच होता: ‘चार हाईत.’ वरची पोरं त्या आवाजावर झोपली. मावशींना मी शूर म्हणू शकणार नाही. त्या भ्यालेल्या होत्या. त्यांनी आम्हांला धीर दिला, एवढंच मराठीत बरोबर बसतं.

म्हणूनच धीराच्या उलट भीती नाही. ‘अधीर’ म्हणजे भित्रा असं आपण कधी म्हणत नाही. अधीर म्हणजे उतावळा. आणि चहा उकळेपर्यंत पोराला म्हणतो, ‘जरा धीर धर.’ थांबणं आणि न डगमगणं, दोन्हींना एकच शब्द. तालमीतला ‘दम’ही तसाच. फारसीत दम म्हणजे श्वास. ‘दम हाय काय अंगात?’ हा एक प्रश्न, आणि ‘दम धर की जरा’ हे त्याच तोंडून दुसरं. नऊ वर्षं अंथरुणाशी बसलेल्या बाईला यातला दुसरा अर्थ जास्त कळतो.

‘धैर्यशील’, ‘धैर्यवान’ व्याकरणाला चालतील, पण ते फलकावरचे शब्द; काकूंना परके वाटतील. आपल्याकडे ‘धीराची बाई’, ‘मोठी धीराची’ असं म्हणतात ना, तेच लिहा. मानपत्राचं पहिलं वाक्य मी असं करीन: ‘काकू, नऊ वर्षं तुम्ही धीर धरलात, आणि तो बघून गल्लीतल्या कितीतरी घरांना धीर आला.’ आधी काकूंना वाचून दाखवा. त्या ‘व्हय’ म्हणाल्या तरच छापायला द्या.