जर्मनीला जायचंय? आधी व्हिसा ठरव

टुरिस्ट म्हणून जाऊ, तिथे नोकरी बघू आणि मग व्हिसा बदलून घेऊ, हा विचार आधी डोक्यातून काढ. टुरिस्टला मिळणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. तुला लागणार डी, म्हणजे लांबच्या मुक्कामाचा नॅशनल व्हिसा.

ऑफर लेटर हातात असेल आणि पगार ठरलेल्या किमान मर्यादेइतका असेल तर सरळ ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांसाठीचा नोकरीचा परवाना. एमएसला जायचं असेल तर एपीएस सर्टिफिकेटच्या (तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) मागे आधी लाग, बाकीची कागदपत्रं नंतर.

नोकरी शोधायलाच जाणार असशील तर चान्सेनकार्ट, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीचं 'संधी कार्ड'. हे 1 जून 2024 पासून सुरू झालंय. वर्षभर राहता येतं, आठवड्याला 20 तास पार्टटाइम कामही चालतं. एजंट फक्त '6 गुण' (भाषा, अनुभव, वय वगैरेंचे मिळून लागणारे) सांगतात, पण खरी मेख डिग्रीत असते. अनाबिन या परदेशी डिग्र्यांची माहिती देणाऱ्या जर्मन साइटवर आपलं विद्यापीठ 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, दिसलं की लोक खूश होतात. पण तेवढं पुरत नाही, डिग्रीची नोंदही तिथे असावी लागते. नसेल तर झेडएबी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून डिग्रीच्या तुलनेचं पत्र मागव.

चान्सेनकार्टसाठी भाषेची किमान अट जर्मन ए1 (अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी2 (बरीच वरची पातळी). ए1 वर जाशील, पण आयटी सोडून नोकरी मिळणं कठीण. पुण्यात असशील तर मॅक्स म्युलर भवनात बी1 उरकूनच निघ, दोन गुणही मिळतात. वर्षभराच्या खर्चाचे पैसे सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावे लागतात, ते दरमहा थोडेथोडेच हातात येतात. विमानाचं तिकीट आणि घराचं डिपॉझिट वेगळं धर.