बरीच वर्षं बंद असलेला जुना पॉवर टिलर वायंगणाच्या (उन्हाळी भातशेतीच्या) आधी घरीच पटकन चालू करता येईल का? (डिचोली)

होईल की, पण आधी रंगाच्या मागे लागू नका, सगळे तिथेच वेळ घालवतात. पहिलं इंजिन मोकळं आहे का बघा, डिकंप्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) दाबून हँडल हळू फिरवा, फिरत नसेल तर जोर न लावता इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा नि त्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडून दोन-तीन दिवस तसंच ठेवा, पिस्टन बहुतेक वेळा सुटतो. सुटला की इंजेक्टर बसवायच्या आधी हँडल मारून आतलं तेल बाहेर उडवायचं (समोर तोंड नको!), नाहीतर चालू करताना तेच नडेल.

टाकीतलं जुनं डिझेल ओतून टाका, आपल्या पावसात तळाला पाणी नि गंज असतोच. ऑइल, फिल्टर नवीन, बेल्टला भेगा असतील तर तोही. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, लोक ही हवा काढत नाहीत आणि पंप गेला म्हणून मेकॅनिकला फोन लावतात.

गंजावर वायर ब्रश, रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर), बस. इंजिन थंड ठेवणारं पाणी भरल्याशिवाय मात्र चालू करू नका.