सडा सोलरला द्यावा का?

वाचकांचे प्रश्न : वीज, इंधन आणि आपली वाडी

गेल्या अंकात छपरावरच्या सोलरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रास लागली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून चार पत्रं निवडली आहेत. शेवटचं पत्र सड्याबद्दल, म्हणजे वाडीच्या वरच्या जांभ्या कातळाच्या उघड्या माळाबद्दल आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : माझे आप्पा गुहागर तालुक्यात वायरमन होते. सतराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली मी पाना धरला. तेव्हापासून वायरिंग, पंप आणि आता सोलर अशी कामं करत आले.

प्रश्न : आमचं घर पुळणीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं म्हणतोय. खाऱ्या वाऱ्यात ते टिकेल का? आणि पावसाचे चार महिने काय करायचं?
(एक वाचक, हर्णै)

टिकेल. पण सगळे पॅनेलची चौकशी करतात आणि त्याखालचा सांगाडा बघतच नाहीत. ही चूक मी स्वतःच्या घरी केली आहे. २०१७ साली बसवताना सांगाडा बाहेरून आणला, वरचा रंग चांगला दिसला म्हणून घेतला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर क्लॅम्पवरून एक तपकिरी रेघ खाली ओघळलेली दिसली. पाना लावला तर नट पेंडीसारखा चुरला, बोटांना लाल पूड लागली. ते बदलायचं उद्यावर ढकललं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा दोन पॅनेल उचलून शेजारच्या पोफळीत जाऊन पडले. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. त्या रात्रीची आठवण झाली की अजून पोटात गोळा येतो, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगते.

तर सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. नुसता रंगवलेला नको. नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. बाजारात ३०४ स्वस्त मिळतात, ते देशावर चालतात, आपल्याकडे नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम थेट लोखंडाला टेकू देऊ नका. खारट दमट हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की त्यातला एक दुसऱ्याला खातो. मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घाला. पॅनेल घेताना आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी पास झाल्याचा कागद मागा. अर्थिंगला कंजुषी नको. कातळात अर्थिंग नीट लागत नाही आणि मे-ऑक्टोबरच्या विजा आपल्याला नव्या नाहीत.

माडाखाली तर बसवूच नका. नारळ पडला की काच गेली, हे झालंच. पण एका झावळीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज घसरते. ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी सकाळी विहिरीच्या गोड्या पाण्यानं पुसा. मिठाचा थर डोळ्यांना दिसत नाही, हात फिरवला की कळतो.

आता हिशेब. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. जुलैत ती निम्म्याखाली येते, कधी दीड युनिटवर. पण एप्रिल-मे मध्ये जादा झालेले युनिट नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीत, पुढच्या महिन्यांत जमा राहतात, ते पावसात वापरायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून तुम्हाला ७८,००० रुपये अनुदान बसतं.

एका गोष्टीनं मात्र लोक हिरमुसतात. गावची लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हात. ‘मग एवढे पैसे कशाला घातले?’ असं मला तोंडावर विचारलं गेलंय. कारण असं की लाइन बंद करून लाइनमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या छपरावरची वीज त्या वेळी तारेत गेली तर तो जिवानिशी जाईल. म्हणून पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. माझे आप्पा तीस वर्षं त्या खांबांवर चढले. इन्व्हर्टरमधली ही सोय काढून टाकायला कुणी तयार झाला तर त्याला घरातून बाहेर काढा. वादळानंतर आठ-आठ दिवस अंधार असतो, हे खरं आहे. त्यासाठी दिवे आणि पंख्यापुरती छोटी बॅटरी वेगळी ठेवा, आणि ती संपली की भंगारवाल्याला न देता विकणाऱ्यालाच परत करा. शिसं शेवटी आपल्याच विहिरीत उतरतं. बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकलेली आहे.

प्रश्न : भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज करतत म्हणे. मगे आमच्या खाडीत कित्याक करणत नाय?
(एक वाचक, मालवण)

दादा, करता येते, पण भरती आणि ओहोटीच्या पातळीत फरक मोठा लागतो. बांध घालून वीज करायची तर साधारण पाच मीटर तरी हवा. खंभातच्या आखातात तो अकरा मीटरपर्यंत जातो, आपल्या किनाऱ्यावर दोन-तीन मीटर. आणि फरक निम्मा झाला की वीज निम्मी नाही, पावपट होते.

समजा, कुणी खर्च करायला तयार झालंच. तरी खाडीच्या तोंडाशी बांध आला की आत येणारं खारं पाणी कमी होणार. कांदळवन त्या चढ-उतारावर जगतं. तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या, निवट्या सगळं त्यातलंच. गुडघाभर चिखलात बसून कालवं काढणाऱ्या बायकांची रोजी कुठल्या अहवालात मोजली जाईल, असं मला वाटत नाही. पाण्याची वीज म्हणजे निर्मळ, असं आपण पटकन म्हणतो. चिपळूणच्या लोकांना विचारा : भर उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहते ती कोयनेच्या पाण्यानं. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी येऊन, पोफळी गावाला वीज करून ते आपल्याकडे उतरतं. १,९६० मेगावॅटचा तो प्रकल्प महाराष्ट्राचा मोठा आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण धरणात गावं गेली आणि पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला आलं, हेही त्याच विजेच्या हिशेबातलं आहे.

प्रश्न : दोन गाई, एक म्हैस आहे. गोबरगॅस परवडेल का? पूर्वी शेजारी बांधला होता, तो दोन वर्षांत बंद पडला.
(एक भगिनी, कुडाळ तालुका)

ताई, परवडेल, पण शेण तोलून बघा. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. आपल्या गाई चणीनं लहान, दिवसभर चरायला बाहेर. गोठ्यात हाती येणारं शेण देशावरच्या जनावरापेक्षा बरंच कमी भरतं. आठ दिवस रोज घमेली मोजा. बहुतेक बंद पडलेली संयंत्रं गावातल्या मोठ्या घराच्या मापानं बांधलेली असतात आणि शेण असतं तीन जनावरांचं.

रोजचा एक घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला सुमारे ४३० ग्रॅम गॅस. महिन्याला तेरा किलो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर जवळजवळ वाचला. वर स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेलं पातळ शेण मिळतं, ते माड-पोफळीला द्या. पावसाचं पाणी टाकीत शिरणार नाही एवढी उंच कड ठेवा. शेजारचा बहुधा तसाच बुडाला असेल.

दर महिन्याला साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावा. बुडबुडे आले तर त्याच दिवशी दुरुस्त करा. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. जळला तर चूल पेटते. तसाच गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट हवा तापवतो.

प्रश्न : आमच्या वाडीच्या वरचा सडा भाऊबंदांच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे, सुमारे चार हेक्टर, सगळा कातळ. सोलर प्रकल्पासाठी तो तीस वर्षांच्या भाड्यानं मागायला एक माणूस येतो. ‘नाहीतरी पडीकच आहे’ म्हणतो. मुंबईची मंडळी तयार आहेत. आई नको म्हणते, पण कारण सांगत नाही. काय करावं?
(एक वाचक, राजापूर तालुका)

हे पत्र मी तीनदा वाचलं. माझी रोजी सोलरवर चालते, तरी उत्तर सोपं नाही.

पैशाचं आधी. शेतकऱ्यांच्या पंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याची जी सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिच्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं ठरलेलं आहे, दर वर्षी त्यात तीन टक्के वाढ. चार हेक्टरचे पाच लाख. तुमच्याकडे येणारा माणूस किती बोलतो, ते याच्याशी ताडून पाहा. सामाईक सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या वाटण्या, हेही धरा. आणि तीस वर्षांनी पॅनेल, सिमेंटचे पाये कोण काढून नेणार, हे करारात लिहिलेलं नसेल तर तो करारच नको.

आता ‘पडीक’ या शब्दाबद्दल. मे महिन्यात सडा काळा, तापलेला, अनवाणी पाय टेकवत नाही. कागदावर वरकस नाहीतर पोटखराबा, म्हणजे हलकी किंवा लागवडीला न येणारी जमीन. पण पहिल्या पावसानंतर दहा दिवसांनी त्याच कातळावर दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ती कोकण सोडून बाहेर मिळत नाहीत. ऑगस्टात कातळाच्या उथळ खळग्यांत बोटभर पाणी साठतं आणि त्यात सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी. त्यांच्या मुळाशी इवल्या पिशव्या असतात, त्यात पाण्यातले बारीक किडे ओढले जातात, कारण कातळावर मातीच नाही, खायचं कुठून? गेंदाची पांढरी बटणं, कवल्याची पिवळी फुलं. गुरं त्याच गवतावर भाद्रपद काढतात.

आणि पाणी. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून हळूहळू झिरपून खाली वाडीच्या विहिरींना आणि व्हाळाला मिळतो. प्रकल्पासाठी सडा जेसीबीनं सपाट करतात, खळगे भरतात, खडी टाकून रस्ते करतात. मग तेच पाणी एका धारेत खाली येतं, येताना माती आणतं, आणि फेब्रुवारीत विहीर तळ दाखवते. तुमच्या आईनं त्या विहिरीवरून किती हंडे आणले असतील! तिचं कारण मला वाटतं हेच असावं. विचारा तिला.

कातळशिल्पंही बघून घ्या. राजापूर तालुक्यातल्या बारसू आणि देवीहसोळसह कोकणातल्या नऊ जागा २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ती सारी अशीच ‘पडीक’ कातळावर आहेत. मातीखाली झाकलेलं चित्र जेसीबीच्या दातांना दिसत नाही.

मी सोलरच्या विरोधात नाही, हे पुन्हा लिहिते. आपल्या देशात तारेतून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण मुख्य वीज अजून कोळशाचीच. पॅनेल बनवायला जी ऊर्जा लागते ती ते दीड-दोन वर्षांत फेडतं आणि पुढे वीस-बावीस वर्षं चालतं. म्हणून सोलर हवंच. वाद जागेचा आहे. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. तेवढीच वीज तीन किलोवॅटच्या ३३३ छपरांवर होते, आणि त्यासाठी कुठलाही सडा सपाट करावा लागत नाही. शाळा, ग्रामपंचायत, देवळाचा सभामंडप, मासळी बाजाराची शेड, आंब्याची पॅकिंग शेड, सगळी छपरं रिकामी तापतायत. छपरांनी भागणार नाही, असं म्हणाल तर तेही मान्य. मग चिरेखाणी घ्या. दगड काढून सोडून दिलेले ते चौकोनी खड्डे प्रत्येक तालुक्यात आहेत. तिथला सडा आधीच मेलेला आहे. भराव घालून, पाण्याला वाट काढून तिथे पॅनेल लावायला खर्च जास्त येईल. तो यावा. आज तो खर्च वाचतो, कारण जिवंत सडा स्वस्तात मिळतो.

तुमच्या चार हेक्टरात जुनी चिरेखाण असेल तर तेवढाच तुकडा, नकाशावर हद्द आखून द्या. बाकीचा राहू दे.

आणि आत्ता सही करू नका. गणपतीला सगळे भाऊबंद येतीलच. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना सड्यावर घेऊन जा, आईला पुढे घालून. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या बहिणींनाही बोलवा, त्यांना सहीपुरतं फोनवर विचारू नका. विहिरीला पाणी कुठल्या बाजूनं येतं ते आई दाखवेल. मग घरी येऊन, मागच्या पडवीत बसून ठरवा.