कुर्ल्याचा जुना डीपीएफ बेचाळीस हजारांना: घ्यावा का?

नाशिकच्या एका व्हॅनमालकांचा प्रश्न थोडक्यात असा. २०२१ची बीएस-६ (म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे, कडक नियम पाळणारी) डिझेल व्हॅन आहे. रोज शाळेच्या फेऱ्या, शनिवार-रविवारी शिर्डी नाहीतर वणीची भाडी, वर्षाला साधारण २५,००० किलोमीटर. गाडी अजून चार वर्षं चालवायची आहे. डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या डब्यासारख्या फिल्टरचा, दिवा लागला आणि पिकअप गेला. नवा फिल्टर बसवून १,२०,००० रुपये सांगितले. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून 'याच गाडीचा' जुना बसवून ४२,०००, पण बिल नाही. पतसंस्थेत ६०,००० आहेत, शिवाय मुलीच्या फीसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी. "जुना घेतला तर एफडी मोडावी लागणार नाही, ७८,००० वाचतील. घेऊ का?"

दादा, ते ७८,००० अजून वाचलेले नाहीत. नवा फिल्टर तुमच्या चार वर्षांना, म्हणजे एक लाख किलोमीटरला पुरला, तर किलोमीटरमागे १ रुपया २० पैसे पडतात. त्या दराने ४२,००० रुपये वसूल व्हायला जुना फिल्टर ३५,००० किलोमीटर चालला पाहिजे, म्हणजे सुमारे सतरा महिने. त्यापुढे चालला तर नफा. आधी गेला तर तुम्ही नव्यापेक्षा महाग घेतला, वर दोन दिवस गाडी गॅरेजात आणि पालकांचे फोन वेगळेच.

आता तो डबा सतरा महिने टिकेल का? हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आतल्या सिरॅमिकच्या जाळीत अडकलेली काजळी साधारण ६०० अंशांना जळून जाते, पण इंजिन ऑइलमधली राख जळत नाही, ती साठतच राहते. किती साठली ते डब्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय तो डबा आला कुठून, याचाही विचार करा. बीएस-६ देशभर लागू झालं १ एप्रिल २०२० ला. म्हणजे यातली कुठलीच व्हॅन अजून म्हातारी होऊन भंगारात गेलेली नाही. एक तर ती अपघातातली, किंवा त्या मालकाचाही फिल्टर चोंदला म्हणून काढलेला. पहिल्यात सिरॅमिकला तडा गेलेला असू शकतो. दुसऱ्यात तुम्ही त्याचं दुखणं पैसे मोजून घरी आणणार.

आणि मुळात दोष फिल्टरचाच आहे, हे ठरवलं कोणी? इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा) गळत असेल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल, टर्बोतून (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यातून) ऑइल जात असेल, तर चोंदतो फिल्टरच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अशा गाडीला नवा फिल्टरही पुरणार नाही. त्यात तुमच्या फेऱ्या शाळेच्या: दोन किलोमीटर, थांबा, हॉर्न, पुन्हा दोन किलोमीटर. फिल्टर तापत नाही, काजळी जाळायचं काम अर्ध्यात तुटतं.

म्हणून पहिला खर्च स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे वाचणाऱ्या यंत्राचा. काजळी किती, राख किती, फिल्टरच्या आधीचा-नंतरचा दाब किती, हे आकडे कागदावर घ्या आणि इंजेक्टर तपासून घ्या. नुसती काजळी असेल तर गॅरेजात स्कॅनर लावून ती जाळता येते. राख भरली असेल, पण जाळी वितळलेली-फुटलेली नसेल, तर फिल्टर उतरवून मशीनवर धुऊन घेण्याचा भाव विचारा. माझा अंदाज आहे की तुमचा प्रश्न इथेच सुटेल, पतसंस्थेच्या पैशातच.

जाळी फुटलीच असेल तर जुन्याचा विचार करू, पण माझ्या अटींवर. डब्यावर कोरलेला पार्ट नंबर तुमच्या डब्याशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. 'बसतो हो, फिट बसतो' हे पुरेसं नाही. मागच्या, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडाला बोट फिरवा. काळंकुट्ट झालं तर जाळीला भेग आहे, परत फिरा. ज्या गाडीतून निघाला तिचा नंबर लिहिलेलं बिल आणि निदान तीन महिन्यांची परतीची हमी हवी. बिल नसेल तर माल चोरीचा निघाला तरी तुमच्या हातात काही नाही, आणि खर्चही हिशेबात दाखवता येणार नाही. हे सगळं मिळालं तरी मी ३०,००० च्या वर जाणार नाही. त्या भावात पंचवीस हजार किलोमीटरला, म्हणजे वर्षभरात, पैसे फिटतात. बसवल्यावर स्कॅनरने गाडीला फिल्टर बदलल्याचं सांगावं लागतं, तो खर्च भावातच धरून घ्या.

गॅरेजवाला म्हणतो "जाळी फोडून डबा रिकामा करू, आठ हजारात", याचा विचारही नको. मूळ बांधणीतला असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, प्रदूषणासाठी १०,००० पर्यंत दंड आहे, आणि तुमच्या गाडीत मागे मुलं बसतात.

नवाच घ्यावा लागला तर एफडी मोडू नका. तिच्यावर बँकेकडून कर्ज घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतं. पतसंस्थेतून ४०,००० काढा, ८०,००० कर्ज घ्या. फी भरायच्या महिन्याआधी ते फिटलं पाहिजे, तेवढं मात्र आधी मोजा. पुढे दर किलोमीटरला सव्वा रुपया, म्हणजे महिन्याला २,६०० रुपये, गाडीच्या नावाने वेगळे टाका.

आणि काढलेला जुना डबा गॅरेजात तसाच सोडून येऊ नका. आतल्या लेपात प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, त्यासाठी तो विकत घेणारे आहेत. दोन ठिकाणी भाव विचारा, मगच द्या.