सेल्फ फिरतो का, हे आधी पाहा

गाडी सुरू होत नाही म्हणून आलेल्या बहुतेक पत्रांत बॅटरीलाच दोषी धरलेले आहे. ती पुष्कळदा दोषी असतेही. मात्र चावी फिरवल्यावर सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) अजिबात फिरत नाही, रेंगाळत फिरतो, की जोमाने फिरूनही इंजिन पेटत नाही, हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला हा निव्वळ अंदाज ठरतो. म्हणून ज्यांनी लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यांचीच पत्रे आज घेतली आहेत.

प्रश्न (वास्को): आमचे घर समुद्राजवळ आहे. पावसाळ्यापूर्वी नवी बॅटरी बसवूनही चावी फिरवली की केवळ ‘टक्’ असा एक आवाज येतो. दिवे मात्र व्यवस्थित लागतात.

उत्तर: दिव्यांना थोडेच अँपिअर लागतात, तर छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा सुरुवातीला शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, त्यामुळे दिवे लागतात एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हेडलाइट लावून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगा. त्या क्षणी दिवे एकदम मंदावले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर आहे. ते तसेच प्रखर राहिले, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी, सेल्फचा सोलेनॉइड (त्याला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) किंवा आतील कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) यांच्याकडे वळावे लागेल.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे. खाऱ्या दमट हवेत ही पट्टी बोल्टखाली गंजते, बाहेरून ते दिसत नाही आणि बॅटरी बदलताना तिला कोणी हात लावत नाही. तेथे ०.०१ ओहम इतका क्षुल्लक रोध निर्माण झाला, तरी १५० अँपिअरच्या प्रवाहाला दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बोल्ट सोडून पट्टी आणि धातू दोन्ही घासून चकचकीत करावेत, घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ती धुवावी. ते पाणी बॅटरीच्या कप्प्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. एवढे करूनही ‘टक्’ कायम राहिले, तरच सेल्फ उतरवावा.

प्रश्न (काणकोण): माझे यजमान तारवटी (जहाजावर नोकरीला) असल्याने गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी असते. मी दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू ठेवते, तरीही बॅटरी उतरते.

उत्तर: उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म आणि इमोबिलायझर (चावीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीरोधक यंत्रणा) जागेच असतात. ही ओढ केवळ ३० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला सुमारे ०.७ आणि महिन्याला २१ ते २२ अँपिअर-अवर खर्च होतात. छोट्या गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते. इंजिन सुरू करताना बॅटरीतून जे जाते, ते उभ्या गाडीत दहा मिनिटांत जेमतेम भरून येते, आणि त्यात एसी किंवा पंखा चालू असेल तर तेवढेही नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर चालवावी. तेही जमणार नसेल, तर बॅटरीची ऋण बाजूची केबल काढून ठेवावी. मात्र त्या वेळी चावी गाडीत राहू देऊ नये.

काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली समजावी, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. त्यानंतर काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा, कारण तेथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

प्रश्न (डिचोली): मुसळधार पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली. आता पाणी ओसरले आहे. सेल्फ मारून पाहू का?

उत्तर: नाही, एकदाही नाही. हवा नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही हजारांत होणारे काम तेथे इंजिनाच्या किमतीवर जाते. एअर फिल्टर ओला आहे का आणि डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ झाले आहे का, हे पाहावे. दोन्हींपैकी एक जरी आढळले, तरी गाडी ओढून न नेता चारही चाके वर घेणाऱ्या वाहनावरून गॅरेजमध्ये न्यावी. तेथे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात आणि पाणी बाहेर काढतात. पाण्यात बंद पडल्यानंतर पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. तुमच्या पॉलिसीत ती आहे का, हे आजच वाचून घ्यावे.

प्रश्न (फोंडा): सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते. म्हापशाच्या बाजारात तासाभराच्या प्रवासानंतर थांबलो आणि थोड्या वेळाने परत आलो, की सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते.

उत्तर: हे बॅटरीचे लक्षण नव्हे. तापल्यावर रुसणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा चालणारा भाग बहुधा क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनाचा दांडा फिरतो आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग) असतो. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा पुष्कळ गाड्यांत किंचित हलतो. तो निपचित राहिला, तर हा संशय बळावतो. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद इंधन पंपाची घरघर ऐकू येते का, हेही त्याच वेळी पाहावे. दोष प्रकट असतानाच स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोष वाचणारे यंत्र) लावता आला तर उत्तम, कारण थंड गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर ती सुरळीत चालते आणि मेकॅनिक एकेक भाग बदलत बसतो.

प्रश्न (पेडणे): सेल्फ फिरतो, इंजिन क्षणभर पेटून बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचे चित्र लुकलुकते.

उत्तर: इमोबिलायझरला चावी ओळखता आलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहा. त्या चावीने सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीतील चिपमध्ये आहे. न झाल्यास अधिकृत केंद्रातच काम होईल.